पंगतीचं तेल

"अंग गरम हाय! कोन म्हंते गेला म्हनून? हात लावून पाहा ना बे, गरम हाय अजून!"

देवेंद्रशेठ ओरडत होते आणि शेलूबाजारच्या हायवेवरची माणसं गॅरेजपुढे गोळा होऊन त्यांच्याकडे बघत होती. एक जीप तर रस्त्यातच थांबली होती. शेठ म्हणजे ऑटो पार्ट्सचे दुकानदार. साठी उलटलेला, अंगाने जड, बोलायला हळू माणूस. दुकानाला कुलूप घातल्याशिवाय ते कधी मुतारीलासुद्धा गेले नाहीत. आज गल्ला उघडा टाकून, एका पायातली चप्पल रस्त्याच्या मधोमध सोडून ते समोरच्या गॅरेजात धावले होते.

गॅरेजात रामकिसन मिस्त्री आपल्या जुन्या राजदूत मोटरसायकलच्या मागच्या चाकाला पाठ टेकून बसला होता. मांडीवर हात, हातात पाना, डोळे अर्धे मिटलेले. रोज दुपारी तो असाच बसायचा, म्हणून आधी कोणाला काही वाटलंच नाही. कामरगावहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने "मिस्त्री, ओ मिस्त्री" म्हणत खांदा हलवला, तेव्हा पाना खाली पडला. बस, एवढंच झालं.

"आत्ता तं चहा पिऊन गेला माह्या दुकानातून," शेठ येईल त्याला सांगत होते. "आत्ता! ग्लास बी उचलला नाही त्याचा अजून!" त्यांचा पंजा रामकिसनच्या छातीवर होता आणि तो काढायला ते तयार नव्हते.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर आला. त्याने बघितलं, नळी कानातून काढली आणि मान हलवली. "शेठ, अटॅक आहे. जागच्या जागी गेले."

"तुमी कालचे पोट्टे! गरम मानसाले मेला म्हंता?"

"अंग थोडा वेळ गरम राहतंच, शेठ," डॉक्टर हळूच म्हणाला.

शेठना ते ऐकूच आलं नाही. दोघातिघांनी त्यांना धरून उठवलं, तेव्हा ते त्या माणसांना शिव्या देत होते. शिव्या! ज्यांच्या तोंडातून 'गाढव' हा शब्दही कोणी ऐकला नव्हता, ते देवेंद्रशेठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनचा मुलगा गणेश पुण्याहून पोचला आणि मग रामकिसनला नेलं. सगळ्यांनी पायावर हात ठेवला, डोकं टेकवलं. शेठ स्मशानापर्यंत चालत गेले, पण त्यांनी हात काही लावला नाही. दोन्ही हात पँटच्या खिशात. लोकांना ते विचित्र वाटलं. कोणी म्हणालं, एवढी दोस्ती अन् शेवटी पाय बी नाही शिवला. लोकांचं काय जातं बोलायला! गार झालेलं अंग शेठना शिवायचं नव्हतं. कालची ती ऊब त्यांच्या तळहातात होती आणि ती जोवर होती तोवर काहीच झालं नव्हतं.

त्या दुपारी चहाचा शेवटचा घोट घेऊन उठताना रामकिसन म्हणाला होता, "तेलाचा डबा काढून ठेवजो, शेठ. रेस आली. मागच्या साली धूळ बसेल डबा देल्ता तू मले. या साली पुसून आनजो."

आणि रस्ता ओलांडून गेला.

ही रेस काय भानगड होती ते सांगायला पाहिजे.

शेलूबाजारहून किन्हीराजाकडे जाताना मुरुमाची एक जुनी खदान लागते. पंचवीस-तीस वर्षांमागे लोकांनी राजदूत आणि येझदी विकून नव्या गाड्या घ्यायला सुरुवात केली, तेव्हा भंगारवाल्यांच्या दारात या गाड्या ढिगाने पडू लागल्या. रामकिसनला ते बघवेना. "म्हातारी झाली म्हनून माय इकता का बे?" असं तो गिऱ्हाइकालाच विचारायचा. मग स्वतःच त्या उचलून आणायचा, उभ्या करायचा, आणि उभ्या केल्या की खदानीत नेऊन चढावावरून उडवायचा. लोक म्हणाले, मिस्त्रीचा स्क्रू ढिला झाला. मग तांड्यावरचा हेमसिंग आपली येझदी घेऊन आला आणि म्हणाला, मीही उडवतो. दोन येडे झाले की रेस होतेच. पुढच्या साली कारंजाचे आले, वाशीमचे आले, मग नागपूरचे, आणि शेवटी पुण्याचा एक प्रोफेसर ट्रकात गाडी घालून आला.

त्या प्रोफेसरने सांगितलं की जगात याला व्हिंटेज मोटोक्रॉस म्हणतात, आणि आपल्या भागात रामकिसन म्हणजे या खेळाचा पायोनियर.

"पायोनियर म्हंजे काय बे?" रामकिसनने शेठना विचारलं.

"पयला येडा," शेठ म्हणाले.

"हां, मंग बरोबर हाय," म्हणून तो खुशीत हसला होता.

रेसचे नियम दोनच. पहिला, गाडी रायडरच्या लग्नापेक्षा जुनी पाहिजे. लग्न झालं नसेल तर आईबापाच्या लग्नापेक्षा. हेमसिंगला सगळे चिडवायचे, "दुसरं लगन करतं का, नवी गाडी आनाले भेटन!" आणि हेमसिंग म्हणायचा, "पयलीच उतरू नाही देत गाडीवरून, दुसरी कायले!" खदानीतल्या सर्वात उभ्या चढावाचं नाव होतं सासरवाडी. तिथे कितीही ऐटीत गेलं तरी उतरताना मान खालीच.

दुसरा नियम पंगतीचा. या जुन्या गाड्यांना नुसतं पेट्रोल चालत नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर आतला पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन धरतं, म्हणजे जागीच जाम होतं. सुरुवातीच्या वर्षांत कोणी तेल कमी घालायचा, कोणी आणखी काही मिसळून गाडी पळवायचा, मग भांडणं. म्हणून रामकिसनने ठरवलं की ज्याने त्याने आपल्या गावाहून पेट्रोल आणायचं आणि एका निळ्या ड्रममध्ये ओतायचं. तेल तो एकटा मिसळणार. मग त्याच ड्रममधून सगळ्यांना सारखं वाढणार. "एका पंगतीत साऱ्याइले सारखं. मंग ज्याच्यात दम असन तो पळन," असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून रेसच्या दिवशी दुसऱ्या कोणी तेलाला हात लावला नव्हता. लावायचं कारणच नव्हतं.

शेठ कधी त्या गाड्यांवर बसले नाहीत. एकदा रामकिसनने मागे बसवून सासरवाडीवर नेलं, तेव्हा ते नवकार मंत्र म्हणत परत आले आणि आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचं काम एकच. तेलाचा डबा दुकानातून आणायचा आणि ड्रमच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. रामकिसन ड्रमवर वाकलेला असायचा. मागे न बघता तो हात लांब करायचा आणि म्हणायचा, "आन." शेठ डबा त्याच्या हातात द्यायचे. इतकंच. पण ते काम त्यांनी एका वर्षीही चुकवलं नव्हतं, अगदी धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या साली लग्नघरून उठून आले होते.

रामकिसन गेला त्याच संध्याकाळी शेठनी तेलाचा डबा फळीवरून काढला, फडक्याने पुसला आणि काउंटरवर ठेवला. मग रोज पुसू लागले.

टपरीवाला सवयीने दोन चहा आणायचा. त्याला कोणी नको म्हटलं नाही. शेठ आपला प्यायचे, दुसरा गार व्हायचा. दुपारी समोरच्या बंद शटरकडे बघून म्हणायचे, "आज उशीर झाला वाटते त्याले." म्हणायचे आणि स्वतःच दचकायचे. मग फोन काढून रामकिसनचा नंबर लावायचे. फोन घरी तुळसाबाईंकडे असायचा, म्हणजे रामकिसनच्या बायकोकडे.

"बोला भाऊ," त्या म्हणायच्या.

"काही नाही वयनी. चुकून लागला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकून लागायचा. तुळसाबाईंनी एकदाही विचारलं नाही की भाऊ, रोज कसा चुकते.

घरी पानाबाई, शेठच्या बायको, काळजीने अर्ध्या झाल्या होत्या. माणूस सूर्य मावळायच्या आत ताटावर बसतो, चार घास चिवडतो आणि उठतो. रात्री छताकडे बघत पडतो. "असे गुमसुम काहून राह्यता?" त्या म्हणाल्या. "रडून घ्या ना एकदाचे. मोकळे व्हान."

"कायले रडू?" शेठ खरोखरच गोंधळून म्हणाले. "मले काही होऊनच नाही राह्यलं, तं कायले रडू?"

तेरवी झाली. गणेश पुण्याला परत गेला. हेमसिंग तांड्यावरून आला आणि म्हणाला, "शेठ, या साली रेस नोको. मन नाही होत." शेठनाही तसंच वाटत होतं. ते सांगायला दोघं तुळसाबाईंकडे गेले.

तुळसाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोघांचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"नोका करू बंद," त्या म्हणाल्या. "म्या त्या गाडीसंग जिंदगीभर भांडन केलं. सकाळी चिमन्या बी उठत नाही तं थे किक मारत. साऱ्या साड्याइले धुराचा वास. म्या म्हनत जाओ, सवत आनली माह्या उरावर. एक डाव बी नाही आली म्या खदानीत, रागापायी." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "आता घर असं चूप झालं भाऊ, का मले भीती वाटते. मले एक खेप तिचा आवाज आयकू द्या. खदानीत, सगळ्याईसमोर, जशी थे चालवत तशी. मंग बंद करा नाही तं चालू ठेवा, मले काही नाही म्हनाचं."

शेठचे डोळे भरले नाहीत. पण त्यांनी हात पुढे केला, जसा व्यवहार पक्का करताना करायचे. "वयनी, माहा शब्द हाय. गाडी वाजन. पयला फेरा त्याच्याच गाडीचा, हेमसिंग काढन. अन् मंग रेस."

"शब्द देला बरं भाऊ," तुळसाबाई म्हणाल्या.

"देला."

रेसच्या दिवशी सकाळी एका ऑटोत तुळसाबाई, पानाबाई आणि मांडीवर पुसलेला डबा घेतलेले शेठ खदानीवर पोचले. माणसं आधीच जमली होती. दर वर्षी नुसता कल्ला असायचा. गाड्यांचे आवाज, शिट्ट्या, भजे तळणाऱ्याची आरोळी. आज सगळे दबक्या आवाजात बोलत होते. नागपूरची, पुण्याची माणसं येऊन शेठचा हात हातात घेत होती आणि सोडून देत होती. पुण्याचा प्रोफेसर म्हणाला, "मला अजून विश्वास बसत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर शिव्या घालत होते मला, कार्बोरेटर नीट साफ केला नाही म्हणून." मग त्यालाच आठवलं की मागच्या आठवड्यात नव्हे.

बाभळीखाली निळा ड्रम ठेवला होता. एकेक रायडर येत होता, आपल्या कॅनमधलं पेट्रोल ड्रममध्ये ओतत होता, हात जोडून बाजूला होत होता. कोणी ड्रमला फूल वाहिलं. शेठ आपल्या जागी जाऊन उभे राहिले, ड्रमच्या उजव्या अंगाला, डबा पोटाशी धरून.

तुळसाबाई ड्रमजवळ आल्या आणि एकदम थांबल्या. ड्रमच्या कडीला तारेने एक स्टीलचा ग्लास बांधलेला होता. त्यांनी तो वळवून बघितला. ग्लासावर नाव कोरलेलं होतं, तुळसा.

"आवं बाई! हा तं माहा ग्लास!" त्या ओरडल्या. "माह्या रुखवताचा! या ग्लासापायी म्या माह्या जावेवर आळ घेतला होता! बोलत नोती म्या तिच्यासंग दोन साल!"

हेमसिंग खाली बघत म्हणाला, "वयनी, मिस्त्री याच ग्लासानं तेल मापत जाय."

"चोर!" तुळसाबाई म्हणाल्या. "असा चोर मानूस!" आणि कपाळाला हात लावून हसल्या. तेव्हा पहिल्यांदा लोक हसले. पानाबाईंनी पदर तोंडाला लावला. जरा मोकळं वाटलं सगळ्यांना. "आज घरी नेतो म्या हा," तुळसाबाईंनी बजावलं.

मग हेमसिंगने ड्रममधून पेट्रोल काढलं आणि रामकिसनच्या राजदूतच्या टाकीत ओतलं. टाकीच्या तळाशी आधीचं थोडं होतं, त्यावर हे. त्याने सीटला हात लावून तो हात कपाळाला लावला. "माफ करजो मिस्त्री. तुह्या जागी बसून राह्यलो."

पहिली किक खाली गेली. दुसरी गेली. लोकांनी श्वास धरला. तिसऱ्या किकला गाडी उठली.

आणि काय उठली! तो ठणठणीत, छातीत बसणारा आवाज खदानीच्या भिंतींवर आपटून परत आला. निळसर धुराचा लोट मागे सुटला. तुळसाबाईंनी डोळे मिटले. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच, हाच आवाज. सकाळी साडेचार-पाचाले. असाच." त्यांचा चेहरा बघून शेठना इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हलल्यासारखं झालं. शब्द पाळला गेला होता.

हेमसिंग नाल्यात उतरला, पलीकडून वर आला, मुरुमाच्या ढिगावरून गाडी उडवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान वळवून सासरवाडीकडे गाडी घातली.

तुळसाबाईंनी डोळे उघडले. जरा वेळ त्या बघत राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "धूर काहून नाही?"

"आं?"

"धूर निघत जाय ना मांगून? माह्या साड्याइले वास कायचा येत जाय मंग? आता निघून नाही राह्यला."

शेठनी बघितलं. हेमसिंग सासरवाडीचा अर्धा चढ चढला होता आणि त्याच्या मागे नुसती धूळ होती, धूर नव्हता. "निघते ना वयनी, धूर तं निघतेच. तेलाचा धूर निघते..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर खाली आली. त्यांच्या दोन्ही हातांत, पोटाशी, स्वच्छ पुसलेला तेलाचा डबा होता. सील जसंच्या तसं.

"हेमसिंग! बंद कर! बंद कर गाडी! हेमसिंग!"

त्यांचा आवाज कुठे पोचणार! वर चढावावर इंजिनाचा सूर बदलला, पातळ झाला, मग पत्रा ओरबाडल्यासारखी किरकिर आली आणि मागचं चाक फिरायचं थांबलं. अडकलेलं चाक मुरुमात रेघ ओढत खाली घसरलं. हेमसिंगने क्लच दाबून गाडी सावरली म्हणून तो वाचला. पण आवाज बंद झाला होता.

गाडी ढकलत खाली आणली तेव्हा हेमसिंगच्या तोंडाला रंग नव्हता. "म्या मारली," तो म्हणत होता. "म्या मारली मिस्त्रीची गाडी."

प्रोफेसरने ड्रममध्ये दोन बोटं बुडवली आणि एकमेकांवर घासली. "कोरं आहे," तो म्हणाला. "यात ऑइलच नाही. टाकीत तळाशी जुनं होतं, तेवढ्यावर गाडी चालली. ऑइल कोणी घातलं नाही?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मले वाटलं तुमी..."

"मले वाटलं कारंजावाल्याईनं..."

"आवो, पंगतीचं तेल तं मिस्त्री टाकते ना!" मागून कोणीतरी बोललं, आणि बोलून झाल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

टाकते म्हणाला तो. टाकत जाय नाही, टाकते. आणि खोटं सांगत नाही, तिथल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं. सगळे त्याला श्रद्धांजली वाहायला आले होते आणि एकालाही तो गेला आहे असं आतून वाटलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. नागपूरचा एक दांडगा गडी खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला.

शेठ डबा घेऊन तुळसाबाईंपुढे आले. "वयनी, डबा माह्याच हातात होता," ते म्हणाले. "पुसून आनला. तो बोलला होता ना पुसून आनजो. म्या जागेवर उभा राह्यलो. तो मांगं हात करते ना, आन म्हंते... म्या वाट पाहून राह्यलो होतो वयनी. त्यानं हातच नाही केला."

पानाबाईंनी त्यांचा दंड धरला. शेठनी तो सोडवून घेतला. "शब्द देला होता म्या तुमाले. तुमची गाडी म्या मारली."

तुळसाबाई त्या गाडीकडे बघत होत्या, आयुष्यभर जिच्याशी भांडल्या तिच्याकडे. मग म्हणाल्या, "पाहा बाई. एक मानूस नाही, तं एवढ्या जनाइले तेल टाकाचं सुचलं नाही." बोलण्यात राग नव्हता. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, त्या तिथेच ड्रमला धरून रडल्या, आणि रडताना कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

"वयनी, होईन चालू," हेमसिंग म्हणाला. "सिलिंडर काढून बोर मारला, नवा पिस्टन टाकला, का होईन."

"कोन करन?" कोणीतरी विचारलं. या भागात ते करणारा एकच माणूस होता.

तुळसाबाईंनी डोळे पुसले. तारेचा पीळ सोडून ग्लास काढला आणि शेठपुढे धरला. "घ्या भाऊ. इतक्या दुरून लोकं आले, उपाशी उभे हायेत. पंगत वाढा."

"म्या? मले काय समजते त्यातलं?"

"मंग कोनाले समजते?"

शेठनी आयुष्यात पहिल्यांदा तेलाच्या डब्याचं सील फोडलं. रोज विकत होते, पण फोडलं कधी नव्हतं. नख तुटलं. किती घालायचं हे कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. रामकिसन ग्लासामागे ग्लास ओतायचा आणि तोंडाने गिऱ्हाइकांना शिव्या घालायचा, ते काय कोणी मोजलं होतं? शेठ डब्याकडे बघत राहिले. "अर्धा," ते एकदम म्हणाले. "दर साली अर्धा डबा वापस येत जाय माह्या दुकानात. तो म्हने, ठेव, उरला. म्हंजे अर्धा लागते." शेठ डबा वाकवत गेले, तुळसाबाई ग्लास भरून ड्रममध्ये ओतत गेल्या. हेमसिंगने काठीने ढवळलं. डबा अर्धा झाल्यावर प्रोफेसरने बोटं बुडवून घासली आणि मान हलवली.

मग पंगत वाढली. गाड्या भरल्या, किका बसल्या, निळा धूर उठला. हेमसिंग आपल्या येझदीला टेकून नुसता उभा होता.

"जाय ना रे बाबा," तुळसाबाई म्हणाल्या. "तू उभा राह्यला तं थे काय म्हनन मले? माह्या गाडीपायी हेमसिंग घरी बसला म्हनन." हेमसिंगने नाक पुसलं आणि गाडीवर टांग टाकली.

रामकिसनची राजदूत बाभळीखाली स्टँडवर लावली होती. शेठ तिच्याजवळ दगडावर बसले. रेस सुटली, माणसं कडेकडेने धावली. शेठनी हात पुढे केला आणि इंजिनावर ठेवला.

"भाऊ, पोळन हात," तुळसाबाई म्हणाल्या.

"गरम हाय अजून," शेठ म्हणाले.

तुळसाबाई शेजारच्या दगडावर बसल्या. आतून टिकटिक आवाज येत होता, तापलेलं लोखंड निवताना येतो तसा. खाली गाड्या फेऱ्यामागून फेरे घेत होत्या, कोणी सासरवाडीवर आपटत होतं, लोक हसत होते. पानाबाईंनी पाण्याची बाटली आणून दिली, ती शेठनी डाव्या हाताने घेतली आणि न पिता खाली ठेवली. रेस संपली. हेमसिंग पहिला आला. लोकांनी त्याला उचललं आणि तो उतरवा उतरवा म्हणत राहिला. बाभळीची सावली सरकून गाडीच्या पुढच्या चाकावर आली. टिकटिक कधीच थांबली होती. इंजिन शेठच्या तळहाताइतकं गरम राहिलं, मग तितकंही राहिलं नाही.

तेव्हा शेठनी हात काढला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"गेला, वयनी," ते म्हणाले.

"हो भाऊ," तुळसाबाई म्हणाल्या. त्या उठल्या. हातातला ग्लास पदराने आतून-बाहेरून पुसला, आणि ड्रमजवळ जाऊन तारेने पुन्हा कडीला बांधून ठेवला.